पिराजी हंकाऱ्यानं नापास केलेली कुत्री

कुत्र्यातलं कुणाला कळतं, असं मंगळवार पेठेत कुणालाही विचारलं तर एकच नाव यायचं: पिराजी हंकारे. विचारलं नाही तरी यायचं, कारण ते नाव घ्यायला बहुतेक वेळा पिराजी स्वतःच तिथं हजर असायचा. त्याचा बाप संस्थानच्या शिकारखान्यात कुत्र्यांवरचा जमादार. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, कुत्री गेली, बाप गेला. पिराजीकडं राहिली ती पारख. पोटासाठी त्यानं शेतकी खात्यात शिपायाची नोकरी केली, तिथूनच रिटायर झाला, पण तोंडानं तो जन्मभर शिकारखान्यातच कामाला होता. कुणी पिल्लू आणलं की हा त्याचा कान उलटा करून बघणार, शेपूट ओढणार, जबडा फाकवणार आणि म्हणणार, "ह्ये धन्याच्या हुकमाभाईर जायाचं न्हाय, ठेव." नाहीतर, "आणलंस तिथं सोडून ये जा." मधलं काही नाही. हुकूम पाळतं ते कुत्रं, पाळत नाही ते नुसतं जनावर. एवढी सोपी विद्या होती ती, पण तिच्यावर त्याचा रुबाब केवढा!

पेठेला ठाऊक असलेली दुसरी गोष्ट म्हणजे त्याची बहीण विमला. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले. आईबापामागं पिराजीनं तिला सांभाळलं, आणि चांगलं सांभाळलं, ते कुणी नाकारू नये. तिला भूक लागायच्या आधी त्याला कळायचं की हिला भूक लागलीय. तिला थंडी वाजायच्या आधी तो तिच्या अंगावर घोंगडं टाकायचा, मग ती घामानं भिजून का जाईना. तिनं आणलेली पांढरी काठी एकदा सायकलवाल्याच्या चाकात अडकली, तर पिराजीनं ती काठी कपाटावर टाकली आणि म्हणाला, "मी मेलो की काढ." लग्नही त्यानं केलं नाही, "हिला कोण बगणार?" म्हणून. हे तो चहाच्या गाड्यावर सांगायचा, तालमीच्या कट्ट्यावर सांगायचा, मयताला गेला तर तिथंही सांगायचा. विमला एकदा म्हणाली, "दादा, मी कवा म्हटलं हुतं लगीन करू नगंस?" त्यावर पिराजी दोन दिवस जेवला नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

तर ही विमला चाळिशी उलटल्यावर पुण्याला जाऊन टेलिफोनचा बोर्ड चालवायला शिकून आली. पिराजीही गेला, धर्मशाळेत राहिला आणि वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून राहिला. परत आल्यावर उद्यमनगरात आण्णा कुंभोज्यांच्या फौंड्रीत तिला नोकरी लागली. तिचा आवाज असा, की भांडायला फोन केलेला माणूस नमस्कार करून खाली ठेवायचा. बोर्डावर बोटं अशी फिरायची, की आण्णा खुशीत येऊन पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. सगळं उत्तम चाललं असतं, पण बोर्डाशेजारी एक स्टूल होतं आणि त्या स्टुलावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिराजी बसलेला असायचा.

"कोण बोलतंय त्ये आदी इचार."

"दादा, इचारलंय."

"नाव सांगितलं काय? आडनाव?"

हे पलीकडच्या माणसाला ऐकू जायचं. आण्णांनी एकदा गोडीत सांगून बघितलं, पिराजीनं स्टूल हातभर मागं घेतलं. मग शिमग्याच्या आसपास एक दिवस पुण्याचं मोठं गिऱ्हाईक फोनवर जरा चढ्या आवाजात बोललं. पिराजीनं बहिणीच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि म्हणाला, "पावणं, आवाज खाली. बाईमान्साशी बोलतायसा." गिऱ्हाईक कायमचं खालच्या आवाजात गेलं. म्हणजे त्यानं पुन्हा फोनच केला नाही.

आण्णांनी दोघांना आत बोलावलं. "विमलाताई, तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा न्हाय. पण भाऊ फाटकाच्या आत नको. तुमचं तुम्ही येणार असाल तर जागा तुमची. दसऱ्यापर्यंत थांबतो मी."

"चल इमल," पिराजी म्हणाला. "गेली खड्ड्यात नोकरी. मी हाय की."

विमला उठली नाही. "आण्णा, मी येतो. एकटी येतो," ती म्हणाली. आणि तिथून घरापर्यंत भावाच्या मुठीत मनगट देऊन चालताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पिराजीला वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख असेल.

एकटी यायचं कसं, हा प्रश्न रशीदनं सोडवला. सुभेदार रशीद नदाफ हा पिराजीचा शाळेपासूनचा दोस्त. लष्करात कुत्री शिकवण्यात त्याची हयात गेली होती. चहाला आला तेव्हा विमलानं त्याला विचारलं, "रशीदभाई, इलायतेत कुत्री आंधळ्यांना वाट दावत्यात म्हणं रेडिओवर. खरं व्हय?"

"खरं की. आमच्या एका सायबाच्या भावाचं डोळं लढाईत गेलतं. कुत्रं त्याला बाजारात घेऊन जायाचं आणि घेऊन यायाचं." रशीदनं बशीतला चहा संपवला. "शिकवायचं माझ्याकडं लागलं. पण तसलं कुत्रं गावायला पायजे. शंभरात एखादं निघतंय."

"कुत्रं हुडकायचं?" पिराजी ताडकन बोलला. "मग मी काय मेलोय?"

"ऐक तर पिऱ्या. ताट आपटलं तर दचकायचं न्हाय. मांजर पळालं तर बगायचं न्हाय. हाडूक दिसलं तर थांबायचं न्हाय. उगंच भुकायचं न्हाय, उगंच लाडात यायाचं न्हाय."

"म्हंजे कायबी करायचं न्हाय?"

"व्हय. आणि सगळ्यात म्हत्वाचं. माणूस चल म्हणला आणि म्होरं धोका असला, तर त्यानं हुकूम मोडायला पायजे."

पिराजी इतका हसला की त्याला ठसका लागला. "हुकूम मोडणारं कुत्रं! आरं, आबांच्या वक्ताला असल्या कुत्र्याला रातची भाकरी मिळत न्हवती. तू शिकीव, पारखायचं माझ्यावर सोड."

आता गंमत बघा. कोल्हापुरात, जिथं माणूस आपल्या कुत्र्याची ओळख 'ह्यानं आतापर्यंत किती जणांना फाडलंय' अशी करून देतो, तिथं काहीही न करणारं कुत्रं शोधायचं होतं. पिराजीनं गावभर सांगावा धाडला, आणि गाव मदतीला धावून आलं. हे गाव मदतीला धावलं की आधी ज्याला मदत हवी त्यानं बाजूला व्हावं.

तालमीतल्या पोरांनी त्यांचा सुलतान आणला. दूध-बदामावर वाढवलेला, मान पैलवानासारखी. रशीदनं मागं पितळेचं ताट आपटलं, तर सुलताननं ताटावरच झेप घेतली आणि ते असं चावलं की पुन्हा त्यात आमटी राहिना. "बगा, घाबरला काय?" पोरं अभिमानानं म्हणाली. राधानगरीकडचा एक धनगर आपलं कुत्रं घेऊन आला. शहाणं जनावर, डोळ्यात अक्कल. पण त्याला माणसं विस्कटलेली बघवेनात. नळावर पाण्याला आलेल्या बायकांना त्यानं गोल फिरून फिरून एका कोपऱ्यात गोळा केलं आणि कुणाला हलू देईना. चिमणाबाई नावाची एक म्हातारी घागर घेऊन त्याच्यावर धावली तेव्हा कुठं बायका सुटल्या. सीमेकडून एक उंच, सडपातळ शिकारी कुत्रं आलं, त्याला बघून पिराजीला भरून आलं, थेट शिकारखान्याची आठवण. ते विमलाच्या हातातून सुटलं ते एका मांजरामागं पार रंकाळ्यापर्यंत गेलं, आणि पिराजी त्याच्यामागं. आणि मटणाच्या दुकानाशेजारी वाढलेलं एक गुणी कुत्रं तर कुठंही न्यायला सांगा, इमानेइतबारे मटणाच्या दुकानातच नेऊन सोडायचं. विमला हसून हसून बेजार झाली. "दादा, ह्ये ऱ्हाऊ दे की. आण्णांना सांगू, बोर्ड तितंच बसवा."

ही वाईट कुत्री होती, ठीक आहे. पण अधूनमधून बरी कुत्रीही येत होती. कसबा बावड्याच्या एका शेतकऱ्याचं कुत्रं रशीदला पटलं. पिराजीनं कान उलटा केला. "कान मऊ हाय. नेभळट निघंल." आजऱ्याहून आलेलं एक रशीदनं दोन वेळा तपासलं आणि मान डोलावली. पिराजी म्हणाला, "चाल बघ की ह्याची, उद्या इमलला लाज वाटंल." एकाची नजर वाईट, एकाचा रंग अशुभ, एक म्हणे जांभया फार देतं. उन्हाळा असाच गेला. पेठेतल्या सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं, तुमच्याही आलं असेल. जे कुत्रं पास होणार ते पिराजीच्या जागेवर बसणार होतं. आपल्या जागेवर दुसऱ्याला बसवायची परीक्षा आपणच घ्यायची म्हटल्यावर पास कोण होणार? हे एकट्या पिराजीला कळत नव्हतं. तो मनापासून शोधत होता, उन्हातान्हात वणवण करत होता आणि मनापासून नापास करत होता.

एक दिवस विमला भडकली. "दादा, तू कुत्रं हुडकतोयास का माझ्यासाठी नवरा? नवऱ्याला बी मान्सं एवढ्या खोडी काडत न्हाईत! दसरा कवा हाय, ठावं हाय न्हवं?"

"ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं," पिराजी भिंतीला म्हणाला.

मग मृगाच्या तोंडाला रशीद दळण घेऊन गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत गेला आणि तिथं त्याला पिठी दिसली. पिठी म्हणजे गिरणीच्या दारात पडून असणारी गावठी कुत्री. मूळ रंग तांबडा असावा, पण अंगावर कायम पिठाचा थर, म्हणून नाव पिठी. डोक्यावर पट्टा फाटफाट वाजतोय, चाक घरघरतंय, बायका डबे आपटतायत, पोरं अंगावरून उड्या मारतायत, आणि ही आपली शांत. कुणाचा पाय पडेल असं वाटलं तर उठून हातभर सरकायची, एवढंच. रशीद दळण विसरून तासभर तिच्याकडं बघत बसला. मग त्यानं विमलाला गिरणीत आणलं. विमला दारात थबकली, कारण पुढं उतरण होती. पिठी उठली आणि तिच्या गुडघ्याला अंग लावून आडवी उभी राहिली.

"हीच," विमला म्हणाली.

"गिरणीतलं कुत्रं?" पिराजीचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला. "कान बगितला काय? शेपटाला मोड हाय! आबा असतं तर…"

"आबा न्हाईत," विमला म्हणाली.

शेवटी एवढ्यावर तडजोड झाली, की रशीदनं शिकवावं, पण शेवटची पसंती पिराजीची. आखाड, श्रावण, भादवा, रशीद रोज पिठीला घेऊन पेठेतून फिरला. चप्पल लाईनीतल्या कारागिरानं तिच्या अंगावरचा पट्टा शिवून दिला, वर हातात धरायला लाकडी कमान. विमलाही हळूहळू बरोबर जायला लागली. त्या काळात ती घरात गुणगुणायची. पिराजीला ते ऐकून बरं वाटायचं आणि का कोण जाणे, रागही यायचा.

पितृपक्षात पिराजीनं परीक्षा ठेवली. डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला, कमान हातात घेतली आणि सगळ्या पेठेसमोर म्हणाला, "आता मी आंधळा. बगू ही कुटं नेती."

पण तो आंधळा कसला? ती गल्ली त्याच्या पायांना पाठ होती. पिठी पाऊल टाकायच्या आधी ह्याचं पाऊल पडत होतं. कुत्री त्याला नेत नव्हती, तोच कुत्रीला फरफटत नेत होता. मागं रशीद आणि विमला, त्यांच्यामागं निम्मी पेठ. मिरजकर तिकटीच्या चौकाअलीकडं पिठी एकाएकी थांबली.

"चल," पिराजी म्हणाला.

पिठी हलली नाही.

"चल म्हणतो न्हवं!" त्यानं हिसका दिला. पिठीनं चारी पाय रोवले आणि त्याच्या नडगीला आडवी झाली. लोक ओरडायला लागले, "दादा, थांबा, थांबा!" पण जमादाराचा पोरगा लोकांचं ऐकून कुत्र्यापुढं माघार घेतो होय? त्यानं तिला लाथ घातली, तिच्यावरून टांग टाकली आणि नळाच्या पायपासाठी सकाळीच खणलेल्या चरात कमरेपर्यंत गेला.

त्याला वर काढलं. पाय मुरगळलेला, धोतर चिखलानं भरलेलं, टॉवेल अजून डोळ्यांवरच. तो टॉवेल सोडायच्या आधीच त्यानं निकाल दिला. "नापास! बगितलंसा सगळ्यांनी. अडेल हाय. हुकूम मोडती!"

पेठेतलं कुणीही हसलं नाही. कोल्हापुरात हे सहसा घडत नाही.

विमला पुढं आली. हात चाचपत खाली वाकली, पिठीच्या बरगडीवरून हात फिरवला. लाथ लागलेल्या जागेवर पिठी आकसली. विमला उठली आणि भावाकडं वळली.

"दादा, तिनं तुला थांबिवलं. खड्डा हुता म्हणून थांबिवलं. आणि तू तिला लाथ घातलीस."

"इमल, तुला कळत न्हाय…"

"माझं डोळं गेल्यात, अक्कल न्हाय. जल्मभर बगतोय मी. कुणी न्हाय म्हटलं की तुला त्यो हट्टच वाटतो. मी पुण्यात एकटी ऱ्हातो म्हटलं, हट्ट. काठी घेतली, हट्ट. ही थांबली, हिचाबी हट्ट. तू लई केलंस दादा माझ्यासाठी. त्ये मी इसरणार न्हाय. पण माझा जीव गुदमरला रं." तिनं त्याच्या हातातली कमान काढून घेतली. "पिठी, चल."

पिठीनं चराला वळसा घातला, खोदलेल्या मातीच्या ढिगाच्या कडेनं तिला अलगद पलीकडं नेलं आणि दोघी उद्यमनगराच्या रस्त्याला लागल्या. रशीद अंतर ठेवून मागं गेला. पिराजी चिखलात बसून राहिला. पाय मुरगळला नसता तर तोही मागं धावला असता, हे पेठेला ठाऊक होतं. चरानं दोन कामं केली म्हणायची.

दसऱ्याच्या आत विमला बोर्डावर परत बसली. पिठी बोर्डाखाली झोपायची. फौंड्रीतल्या घणाचा तिला काही फरक पडला नाही, गिरणीपेक्षा ती जागा शांतच होती. पिराजीचा पाय महिन्यात बरा झाला. मग तो काही दिवस फौंड्रीसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसला, पण तिथून काहीच दिसत नव्हतं, आणि काही घडतही नव्हतं. माणूस किती चहा पिणार? हळूहळू तो पेठेतच रमला. आणि तिथं एक नवल घडलं. लोक पिठीबद्दल विचारायला लागले, आणि पिराजी सांगायला लागला. आधी म्हणाला, "रशीदला मीच म्हटलं, गिरणीत बग." मग रशीद गळाला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत गोष्ट अशी झाली, की पिराजी दळण घेऊन गेला होता आणि एका नजरेत त्यानं कुत्री ओळखली. चर तेवढा गोष्टीतून बुजला.

ही गोष्ट आण्णांच्या कानावर गेली. त्या वर्षी खंडेनवमीला फौंड्रीत नेहमीसारखी यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, पेढे होते, खुर्च्या मांडल्या होत्या आणि माईकही होता. आण्णांनी पिराजीला वर बोलावलं. फेटा बांधला, नारळ दिला. "अशी पारख कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला न्हाय," आण्णा म्हणाले. भाऊ फाटकाच्या आत नको म्हटलेलं ते विसरले होते, किंवा मोठ्या मनानं विसरल्यासारखं करत होते.

पिराजीनं माईक हातात घेतला. "कुत्रं वळकायचं म्हंजे आमच्या रक्तातच हाय. गिरणीच्या दारात मी हिला बगितलं आणि मनात म्हटलं, हीच! सगळी मला हसली. म्हणली, गिरणीतलं कुत्रं? पण मी ऐकलं न्हाय."

रशीद खोकला. पहिल्या रांगेत विमला बसली होती, पायाशी पिठी. विमलाला हवं असतं तर एका वाक्यात त्याचा फेटा उतरला असता, आणि हे तिला पक्कं कळत होतं. भावाचा आवाज आनंदानं फुललेला ती ऐकत राहिली आणि सगळ्यांबरोबर तिनंही टाळ्या वाजवल्या.

"आता विमलाताईंनी दोन शब्द बोलावेत," आण्णा म्हणाले.

हे ऐकताच पिराजी नारळ टेबलावर टाकून लगबगीनं खाली उतरला. फेटा कानावर आलेला, हात पुढं केलेला. "ये इमल, हळू. पायरी हाय. मी धरतो." तो वाटेच्या बरोबर मधोमध उभा होता.

"पिठी, चल," विमला म्हणाली.

पिठी चार पावलं आली आणि थांबली. वाटेत खांब असला, हातगाडी असली, रवंथ करत बसलेली म्हैस असली की ती जशी थांबायची तशीच थांबली. क्षणभर तिनं अंदाज घेतला. मग डावीकडं वळली, पिराजीच्या बाजूनं विमलाला नीट, त्याचा धक्काही लागू न देता पलीकडं काढलं आणि पायरीशी नेऊन उभी केली. विमला वर चढली. तो पुढं केलेला हात किती जवळून राहिला हे तिला कळलंही नसावं.

"नमस्कार, कुंभोजे फौंड्री," ती सवयीनं माईकवर म्हणाली, आणि सगळी फौंड्री हसली.

पिराजी तसाच हात पुढं करून उभा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, बसा की, दिसंना झालंय." त्यानं हात खाली घेतला. शेजारी बहिणीची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तो बसला. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून त्यानंही वाजवल्या.